लेखकाच्या वेळेचे पैसे कोण भरतं?

हिंगोली जिल्ह्यानं मराठीला लेखक कमी दिले नाहीत. संत नामदेवांचं नर्सी इथलं. नरहर कुरुंदकर वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे, इंद्रजित भालेराव त्याच तालुक्यातल्या रिधोऱ्याचे. १९९९ साली हिंगोली वेगळा जिल्हा होईपर्यंत आम्ही सगळे परभणीचेच होतो, म्हणून बी. रघुनाथ आणि आसाराम लोमटेही आमचेच. आता या नावांसमोर त्यांची चूल कशावर पेटत होती ते लिहून पाहावं. नामदेवांचा धंदा शिंप्याचा. कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य. भालेराव प्राध्यापक. ‘आलोक’साठी २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले लोमटे वर्तमानपत्रात पत्रकार. बी. रघुनाथ निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात कारकून होते आणि १९५३ साली जेमतेम चाळिशीत गेले. निव्वळ लेखणीवर जगलेला या यादीत एकही नाही.

यात त्यांच्या लेखनाला कमीपणा नाही. पगारामुळेच त्यांना कुणाची मर्जी सांभाळून लिहावं लागलं नाही. पण नोकरीला वेळापत्रक असतं, आणि त्या वेळापत्रकात बसेल तेच लेखन होतं. कविता, कथा, ललित लेख, समीक्षा रात्री जागून, रविवारी, उन्हाळ्याच्या सुटीत लिहून होतात. ज्या लेखनासाठी मंगळवारी सकाळी बाजार समितीत आणि बुधवारी दिवसभर तहसीलमध्ये थांबावं लागतं, ते होत नाही. मराठीत कथा-कवितेचं पीक जोमदार आणि असा फिरून लिहिलेला रिपोर्ताज तोकडा, याचं मोठं कारण मला या वेळापत्रकात दिसतं. म्हणून मुक्त लेखकाचा प्रश्न त्याच्या पोटापुरता राहत नाही. काय लिहिलं जाणार आणि काय कायमचं राहून जाणार, हे त्यावर ठरतं. मी सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात राहते आणि लेख, अनुवाद, शब्दांकन यांवर जगते. हा आढावा तिथूनच घेतलेला आहे.

मराठीत लेखणीवर जगण्याची धडपड जुनी आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढलं, त्यातून कादंबऱ्या क्रमशः दिल्या, वाचकांना पुढच्या अंकाची वाट पाहायला लावलं. पण पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्थाही तेच पाहत होते. सिंहगडावरून पडून कायमचं अपंगत्व आलेल्या नाथमाधवांनी त्यानंतर कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या घरोघर वाचल्या गेल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनी बाराशेच्या आसपास. सुहास शिरवळकरांनी ‘दुनियादारी’ लिहिली आणि कॉलेजातली पोरं वाचनालयात नंबर लावून उभी राहिली. ग. दि. माडगूळकरांना चित्रपटानं जगवलं. निरंजन घाटे नोकरी सोडून विज्ञानलेखनावर राहिले आणि त्यांनी पुस्तकांमागून पुस्तकं दिली. या सगळ्यांत एक सारखेपणा आहे: प्रत्येकामागे रोख पैसे देणारं गिऱ्हाईक होतं. कुणामागे चित्रपटाचा निर्माता, कुणामागे गल्लोगल्लीची, दरमहा नवी पुस्तकं विकत घेणारी वाचनालयं. ती वाचनालयं बंद पडत गेली तसा खाली पायाच राहिला नाही. अर्नाळकरांएवढं झपाट्यानं लिहिणारा आज कुणी निघाला, तर त्यानं ते विकायचं कुठं?

अनिल अवचटांचं उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ते डॉक्टर झाले, पण दवाखाना थाटून बसले नाहीत. बिहारच्या दुष्काळावरच्या ‘पूर्णिया’पासून पुढे हमाल, विडी कामगार, तंबाखू, भटके-विमुक्त यांच्यामागे ते दिवसच्या दिवस फिरले. मराठीला रिपोर्ताज म्हणजे काय ते त्यांनी दाखवलं. ते फिरू शकले, कारण घरात डॉ. सुनंदा अवचट नोकरी करत होत्या; संसाराचा आर्थिक भार त्यांनी उचलला आणि नवऱ्याला मोकळं ठेवलं. अवचटांनी हे स्वतः अनेकदा मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. मराठीतल्या उत्तम वार्तालेखनाचे पैसे एका बाईच्या पगारातून गेले, हे वाङ्मयाच्या इतिहासात ठळक नोंदवायला हवं. इंग्रजीत पी. साईनाथांना १९९३ साली एका वर्तमानपत्राची अभ्यासवृत्ती मिळाली, त्यावर ते देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत फिरले आणि १९९६ साली ‘एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्राउट’ आलं. तिथंही कुणीतरी दिवसांचे पैसे भरले होते. पुढे २०१४ च्या डिसेंबरात त्यांनी ‘पारी’ हे संकेतस्थळ सुरू केलं. गावागावांतल्या माणसांचं जगणं नोंदवणारं ते काम मराठीतही वाचायला मिळतं.

गावात बसून लिहिता येतं का, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ काढलं आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या आडगावातून ते मरेपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत चालवलं. खेड्यात छापखाना, खेड्यात संपादक, आणि मजकूर सावकारी, भटशाही, शेतकऱ्याची लूट यांवर. मुंबई-पुण्याच्या पत्रांना जे दिसत नव्हतं ते तरवडीतून दिसत होतं. त्यांच्याही पाठीशी शेती होती, हे खरं. पण त्यांनी एक गोष्ट पक्की केली, की गावात राहणं ही लेखकाची अडचण नसून त्याची जागा आहे.

आज छापखान्याची गरज उरली नाही. आधी प्रत्येक छापखान्याचा फॉन्ट वेगळा, एकाचा मजकूर दुसऱ्याकडे उघडला की चौकोन आणि किड्यामुंग्या. युनिकोडनं ते संपवलं. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, २०१७ साली मराठी बोलून टाइप करण्याची सोय आली. आता मुलाखत ऐकत ऐकत मी तिचा कच्चा मजकूर फोनमध्ये बोलून घेते. अर्थात आमच्याकडचं ‘लेकरू’, ‘इकडं ये की’, ‘काहून’ हे फोनला धड कळत नाही आणि ते हातानंच दुरुस्त करावं लागतं. लाइट गेली की टॉवरही जातो, मग मजकूर पाठवायला रेंज शोधत फिरायचं. पण या अडचणी सोसण्यासारख्या आहेत. मुख्य अडचण निराळी आहे.

तिचं उदाहरण तालुक्यातलंच देते. २०२३ च्या नोव्हेंबरात सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी पीककर्ज फेडता येत नाही म्हणून आपले अवयव विकायला काढल्याचं सरकारला कळवलं आणि ते मुंबईपर्यंत गेले. चार दिवस सगळीकडे ती बातमी होती. कॅमेरे आले, गेले. पण त्या कर्जाची वाढ कशी झाली, सोयाबीनच्या कोणत्या हंगामात घर कोलमडलं, बँकेनं नोटीस कधी पाठवली, खासगी देणं किती, हे सगळं सलग मांडलेला मराठी लेख निदान माझ्या वाचनात नाही. त्याला महिनाभर त्या गावात जावं-यावं लागलं असतं. शहरातल्या बातमीदाराला तेवढा वेळ दिला जात नाही, आणि गावातल्या लिहिणाऱ्याला त्या महिन्याचे पैसे कुणी देत नाही.

हिशेब जवळून पाहू. हळदीचा हंगाम घ्या. आमच्या जिल्ह्याची ही मोठी ओळख; हिंगोलीचं संत नामदेव हळद मार्केट आणि वसमतचा बाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. जूनमध्ये बेणं लावायचं, जानेवारीपासून पुढे पाला कापून कंद काढायचे. मग शेतात बॉयलर येतो, भोवती ड्रम, पहाटेपासून वाफेचा घमघमाट. एक बाई काडी घेऊन हळकुंडात खुपसून पाहते. आरपार गेली की तो ड्रम उतरवायचा. त्यानंतर पंधरवडाभर उन्हात वाळवण, मग पॉलिशचा ड्रम, मग पोती. यावर दीड हजार शब्दांचा लेख लिहायचा, तर एक सकाळ बॉयलरपाशी जाते, एक दिवस मार्केटमध्ये सौद्याला, एक दिवस काढणीच्या बायकांसोबत. कामात हात चालू असताना त्या बोलतात, वही काढली की गप्प होतात. म्हणून आधी त्यांच्यासोबत हळकुंडं वेचावी लागतात. चौथा दिवस लिहायला. तिथल्या एका मावशींनी मला बजावलं होतं, “ताई, भावाचं तर समदेच लिव्हतात. आमच्या रोजाचं लिव्हा, अन् उन्हाचं बी लिव्हा.” लेखाची दिशा त्या एका वाक्यानं बदलली. हळदीच्या भावावरून लेख मजुरीकडे वळला, आणि तोच वळायला हवा होता.

आता पैसे. मराठी मजकुराला शब्दामागे काही पैशांपासून रुपया-दीड रुपयापर्यंत दर ऐकायला मिळतात. पन्नास पैसे धरले तर त्या लेखाचे ७५० रुपये. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती; चार दिवसांचे १,२४८. म्हणजे बांध घालायला गेले असते तर लेखापेक्षा जास्त मिळाले असते, आणि मजुरीवर काम करणाऱ्याला एसटीचं तिकीट, फोनचा रिचार्ज, फोटो यांचा खर्च पदरचा करावा लागत नाही. दर रुपयावर नेला तरी मजुरीपेक्षा थोडेच जास्त मिळतात. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानं माझं फिरणं खरोखर वाढलं. वाढीव फिरण्याचे दोन लेख मी त्या सवलतीच्या खात्यावर लिहिते.

मग घर चालतं कशावर? ज्यावर नाव छापलं जात नाही अशा कामांवर. संस्थांच्या वार्षिक अहवालांचे अनुवाद, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, माहितीपटाचं निवेदन, चित्रपट-मालिकांची उपशीर्षकं, कुणा ज्येष्ठ कार्यकर्त्याचं आत्मचरित्र त्याच्या तोंडून ऐकून लिहून देणं, अमृतमहोत्सवाचे गौरवग्रंथ, निवडणुकीत भाषणं आणि पत्रकं. शब्दांकनाच्या कामाला मी कमी लेखत नाही. सत्तरी उलटलेल्या माणसाला बोलतं करणं, त्याचे तीन वेळा सांगितलेले प्रसंग एकदा नीट मांडणं, त्याची बोली ठेवून वाक्य सरळ करणं, यात कसब लागतं आणि शिकायलाही खूप मिळतं. अनुवादात मात्र जमीन सरकली. गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ साली आली, २०१७ साली त्याची पद्धत बदलून ते बरंच सुधारलं, आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. आता काम येतं ते यंत्राचा मजकूर तपासून द्या म्हणून, दर निम्म्याहून खाली. तपासायला वेळ मात्र जवळपास तेवढाच लागतो, कारण यंत्राचं मराठी वरवर गुळगुळीत असतं आणि चूक आत दडलेली असते: शेतीच्या पुस्तिकेत ‘फवारणी’ऐवजी भलतंच, औषधाचं हेक्टरचं प्रमाण एकराला. अशा पुस्तिकेवर विसंबून कुणी औषध मारलं तर पीक जळेल. तपासणाऱ्याची जबाबदारी मूळ लिहिणाऱ्याहून कमी नाही, एवढं तरी काम देणाऱ्यांनी मान्य करावं.

स्वतःचं लेखन स्वतः प्रसिद्ध करून जाहिरातीवर जगता येईल, ही आशा मध्यंतरी फार होती. गूगलच्या जाहिराती हिंदी मजकुराला २०१४ च्या शेवटी मिळू लागल्या, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. मराठी मजकुराच्या जाहिरातीला दर कमी, म्हणून वाचक लाखांनी लागतात. लाखांनी वाचक हवे म्हणून मथळे भडक. भडक मथळ्याखाली उसना मजकूर. हळदीच्या बायकांवरचा लेख त्या शर्यतीत टिकत नाही. उलट तोच लेख कुणीतरी नाव काढून व्हॉट्सअॅपवर फिरवतो आणि तो आपल्याच मामेभावाकडून आपल्याला येतो. स्वतंत्र लेखनाची ही जागा मी सोडलेली नाही. संपादक लेख पाहून ओळखतात, कामं तिथून येतात. ती दुकानाची पाटी झाली, गल्ला नव्हे.

दिवाळी अंकांबद्दल जपून बोलायला हवं, कारण त्यांनी मराठी लेखकाला जगवलं आहे. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, आज शेकड्यांनी निघतात. जगात फार कमी भाषांत वर्षातून एकदा एवढं नवं लेखन एकत्र येत असेल. उन्हाळ्यात संपादकांचा फोन येतो, गणपतीपर्यंत लेख हवा असतो, दिवाळीला अंक हातात पडतो. काही संपादक अंकाबरोबर चेक पाठवतात, त्यांची नावं आम्ही लिहिणारी माणसं एकमेकांना आवर्जून सांगतो. काही ठिकाणी होळी येते तरी विषय निघत नाही. माझ्या लेखाचे पैसे एकदा पुढच्या वर्षीचा लेख मागताना आठवले गेले. संपादकाचीही ओढाताण असते, जाहिरातदार त्यालाही थकवतो, हे मला माहीत आहे. पण कागदवाला, छापखाना आणि टपाल यांचे पैसे चुकत नाहीत, म्हणजे रांगेत लेखकाला शेवटी उभं केलेलं असतं.

याला उपाय सोपा आहे आणि तो लिहायला बसण्याआधीचा आहे. फोन आला की विचारायचं: किती शब्द, किती पैसे, किती तारखेला, आणि हक्क कशाचे. मग तेच दोन ओळींत मेलवर किंवा मेसेजवर लिहून पाठवायचं. आपल्याकडं हे विचारताना जीभ अडखळते. सरस्वतीच्या दारात पैशाची गोष्ट कशाला, असं वाटतं. हळद विकायला नेलेला शेतकरी सौद्याआधी भाव विचारतो, त्यात त्याला लाज वाटत नाही. नव्यानं लिहू लागलेल्या मुलामुलींना मी हे पहिल्या दिवशीच सांगते.

कायदा लेखकाच्या बाजूनं बराच आहे, माहिती नसल्यानं तो वापरला जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुक्त लेखक आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो. नोकरीतल्या पत्रकाराचं तसं नसतं. त्याचा मजकूर वर्तमानपत्रात छापण्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे अंकात एकदा छापायला दिलेला लेख संपादकानं परस्पर पुस्तकात घालावा, याला कायद्याचा आधार नाही. करात एक दुजाभाव आहे. १९६१ च्या आयकर कायद्यानं पुस्तकाच्या रॉयल्टीवर लेखकाला तीन लाखांपर्यंत वजावट दिली, पण मासिकं, वर्तमानपत्रं आणि शालेय पाठ्यपुस्तकं त्यातून वगळली. मुक्त लेखकाची बहुतेक कमाई नेमकी तिथलीच. शिवाय एकाच ठिकाणाहून वर्षाला ५० हजारांवर पैसे आले की दहा टक्के कापून येतात. २०२५ च्या एप्रिलआधी ही मर्यादा ३० हजार होती. कर लागत नसेल आणि विवरणपत्र भरलं तर कापलेलं परत मिळतं, आणि अनेक जण ते भरतच नाहीत.

सुरक्षेचं चित्र मात्र विरळ आहे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यानं पत्रकाराला संरक्षण दिलं ते नोकरीत असलेल्याला, पूर्णवेळ वा अर्धवेळ. बाहेरून लिहिणारा त्यात आला नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग’ कामगारांची व्याख्या आहे, आणि निधीत वर्गणी भरायची असलेल्या मध्यस्थ कंपन्यांच्या यादीत मजकूर व माध्यम सेवा हा प्रकारही आहे. ही संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली. पण हे सगळं काम जुळवून देणाऱ्या डिजिटल कंपन्यांपुरतं. संपादकाच्या फोनवर काम घेणारी बाई त्या यादीत कशी बसणार? वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकार दरमहा मानधन देतं, त्याचा अनेकांना आधार आहे. ते मिळेपर्यंतची मधली तीस वर्षं लेखकानं स्वतःच निभावायची असतात.

माझी मागणी या मधल्या वर्षांबद्दल आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून काम करतं, नवलेखकांचं पहिलं पुस्तक छापायला अनुदान देतं. तिथून पुस्तक आलेल्या लेखकांची रांग मोठी आहे आणि त्याबद्दल मंडळाचं कौतुकच करायला हवं. पण छापायला अनुदान आहे, त्या पुस्तकासाठी फिरायला नाही; तेही मिळावं. कथा-कवितासंग्रहाला त्यानं भागतं, रिपोर्ताजला भागत नाही. आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या: औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लिगो’ वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रानं २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, जगभरचे शास्त्रज्ञ, आणि भोवती सोयाबीन-तुरीची शिवारं. जमिनीचं काय झालं, रोजगार कुणाला लागला, शाळेतल्या पोरांना त्यातलं काय कळतं, आजूबाजूची खेडी कशी बदलतात, हे एकदा जाऊन लिहिण्यासारखं नाही. कुणीतरी सलग काही वर्षं, आठवड्यातले दोन दिवस तिथं असलं पाहिजे, आणि ते माणूस इथलं असलं पाहिजे. त्याला रोजगार हमीचाच दर धरला तर वर्षाचे १०४ दिवस, म्हणजे ३२,४४८ रुपये. एसटीचं भाडं वेगळं.